ताकाला जाऊन भांडे लपवणारी दोन माणसे : ‘कागुया-सामा’ची तीन पर्वे

दुपारच्या जेवणाची वेळ आहे. विद्यार्थी परिषदेच्या खोलीत अध्यक्ष मियुकी शिरोगाने याने स्वतः रांधून आणलेला डबा उघडला आहे आणि त्यात ऑक्टोपसच्या आकारात कापून परतलेले सॉसेजचे तुकडे आहेत. जपानमध्ये लहान मुलांच्या डब्यात हा पदार्थ सर्रास असतो. उपाध्यक्षा कागुया शिनोमिया हिचे जेवण मात्र घरचे आचारी साग्रसंगीत बनवतात आणि म्हणूनच असला चार पैशांचा, हौसेने कापलेला पदार्थ तिच्या ताटात कधी आलेला नाही. तिला तो हवा आहे. ‘एक दे ना’ एवढे तीन शब्द पुरेसे आहेत, पण ते तिच्या तोंडून निघत नाहीत. ती नुसती टक लावून पाहते आणि तिच्या त्या नजरेचा अर्थ शिरोगाने असा लावतो की, ही बड्या घरची मुलगी आपल्या गरिबाच्या डब्याची कीव करते आहे. तेवढ्यात चिटणीस चिका फुजिवारा येते, तिला सहज एक घास मिळतो, ती तो मिटक्या मारत खाते, आणि कागुया आपल्या या जिवलग मैत्रिणीकडे सात जन्मांचे वैर असल्यासारखी पाहत राहते.

मुंबईतल्या कुठल्याही कचेरीत हा प्रसंग घडला नसता. आमच्याकडे दीड वाजता डबे उघडले की अळूवडी टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला केव्हा पोहोचते ते डब्याच्या मालकिणीलाही कळत नाही, आणि तळलेले बोंबील असतील तर त्यांतला एखादा तरी तिच्या वाट्याला येईल याची खात्री नसते. मागण्यात कमीपणा आहे असे तिथे कोणालाच वाटत नाही. ज्या माणसाला मागण्यातच हार दिसते, त्याच्यासाठी मराठीत फार जुना वाक्प्रचार आहे : ताकाला जाऊन भांडे लपवणे. ‘कागुया-सामा : लव्ह इज वॉर’ ही जपानी अ‍ॅनिमेशन (अ‍ॅनिमे) मालिका म्हणजे दोन अत्यंत हुशार मुलांनी ३७ भाग ताकाला जाऊन भांडे लपवल्याची गोष्ट आहे, आणि प्रेमकथा व विनोद यांची सांगड घालणाऱ्या ज्या थोड्याफार अ‍ॅनिमे मालिका मी पाहिल्या आहेत, त्यांत ही मला सर्वांत समाधान देणारी वाटली.

आधी आवश्यक तेवढी माहिती. आका आकासाका यांची ही चित्रकथा २०१५ मध्ये मासिकातून सुरू झाली, पुढच्या वर्षी ‘वीकली यंग जंप’ या साप्ताहिकात गेली आणि २०२२ मध्ये २८ खंडांवर संपली. तिच्यावरची मालिका ए-वन पिक्चर्स या स्टुडिओने मामोरू हाताकेयामा यांच्या दिग्दर्शनाखाली केली. पहिले पर्व २०१९ मध्ये १२ भागांचे, दुसरे २०२० मध्ये १२ भागांचे आणि तिसरे २०२२ मध्ये १३ भागांचे आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानात पुढचा चित्रपटही लागला. प्रत्येक भाग साधारण २४ मिनिटांचा असतो. म्हणजे तिन्ही पर्वे मिळून पंधराएक तासांचा ऐवज होतो, आणि मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या माणसाच्या हिशेबात सांगायचे तर एका फेरीत दोन भाग बसतात. धीम्या गाडीत आरामात, जलद गाडीत शेवटचे गाणे सोडून. अर्थात बसायला जागा मिळाली तर.

मला ही मालिका भाचीने दाखवली. ‘मावशी, पहिले दोन भाग सोसून घे, मग सोडवणार नाही,’ असे ती म्हणाली होती, आणि ‘सोसून घे’ हा शब्द तिने उगाच वापरला नव्हता. सुरुवातीला साचा फार उघडा दिसतो. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे, पण जो ते आधी बोलून दाखवेल तो हरला, अशी दोघांचीही समजूत आहे. एका भागात सहसा तीन छोटे प्रसंग असतात. प्रत्येकात दोघांपैकी एक जण दुसऱ्याला बोलते करण्यासाठी डाव टाकतो, दुसरा तो उलटवतो, आणि शेवटी पडद्यावर त्या दिवशी कोण जिंकले व कोण हरले याचा निकाल झळकतो. पहिल्याच भागात सिनेमाच्या तिकिटांवरून दोघांची इतकी खलबते चालतात की मेंदू शिणून साखर मागू लागतो, आणि बशीत उरलेला एकुलता एक गोड पदार्थ फुजिवारा काही न कळता तोंडात टाकते. निकाल : दोघेही पराभूत. हे पाहून हसू आले, पण असे ३७ भाग कोण पाहणार, असाही प्रश्न पडला.

मग हळूहळू लक्षात आले की मालिकेने हसण्याचे कारण आणि अडून बसण्याचे कारण ही दोन वेगवेगळी ठेवलेलीच नाहीत. माझ्या मते या प्रकारातले सारे समाधान इथे आहे. कागुया जपानमधल्या चार बलाढ्य उद्योगघराण्यांपैकी एकातली. जिथे प्रत्येक माणूस काहीतरी साधण्यासाठीच जवळ येतो अशा घरात वाढलेली. मागणे म्हणजे आपली दोरी दुसऱ्याच्या हाती देणे, हे तिला लहानपणापासून शिकवलेले आहे. शिरोगाने हा श्रीमंतांच्या शाळेत गुणवत्तेवर शिरलेला, फावल्या वेळात नोकऱ्या करणारा, पहिला क्रमांक टिकवण्यासाठी रात्र रात्र जागून डोळ्यांखाली काळी वर्तुळे बाळगणारा मुलगा. आपण क्षणभर जरी कमी पडलो तरी तिच्या शेजारी उभे राहण्याचा अधिकार जाईल, ही त्याची भीती. तिचा ताठा आणि त्याची धास्ती यांतूनच विनोद होतो आणि यांतूनच खोळंबा होतो. प्रत्येक हशाबरोबर आपण त्या खोळंब्याच्या मुळाशी थोडे अधिक पोहोचतो, आणि त्यामुळे तो सुटतो तेव्हा सुटल्यासारखा वाटतो.

उलट, जिथे खोळंबा बाहेरून आणून बसवलेला असतो तिथे प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटते. अ‍ॅनिमेतली एक ठरलेली युक्ती सर्वांच्या परिचयाची आहे : मुलगी धीर एकवटून मनातले बोलते, नेमक्या त्याच वेळी शेजारून आगगाडी धडधडत जाते, वाक्य बुडते, मुलगा ‘काही म्हणालीस का?’ असे विचारतो आणि ती ‘काही नाही’ म्हणून मान खाली घालते. रुळांलगत आयुष्य काढलेल्या मुंबईकराला या प्रसंगात करुण असे काहीच दिसत नाही. आमच्याकडे भांडुप-कांजूरच्या खिडक्यांतून माणसे गाडी जाईपर्यंत वाक्य अर्ध्यावर थांबवतात आणि गाडी गेली की तिथूनच पुढे उचलतात; कोणाचे लग्न त्यामुळे राहिल्याचे ऐकिवात नाही. दार अवेळी उघडणे, फोन वाजणे, कोणीतरी अर्धेच ऐकून गैरसमज करून घेणे, हे सगळे याच जातीचे. एकदा चालते. चौथ्यांदा घडले की कथा लांबवण्यासाठी लेखक हात आडवा घालतो आहे हे उघड होते, आणि मग त्या दोघांचे काही झाले काय, न झाले काय, आपल्याला सारखेच.

‘मंथली गर्ल्स नोझाकी-कुन’ (२०१४, १२ भाग) या मालिकेचे मला कौतुक वाटते ते यासाठी की तिने हीच युक्ती वापरून ती सार्थ केली आहे. तिच्यातला नायक शाळकरी वयातच मुलींसाठी प्रेमकथा चितारणारा चित्रकथाकार आहे आणि प्रेम म्हणजे काय हे त्याला कागदाबाहेर कुठेच ओळखता येत नाही. नायिका पहिल्या भागात त्याच्याजवळ मन मोकळे करायला जाते, तर तो तिला चाहती समजून स्वाक्षरी देतो. शेवटच्या भागात आतषबाजीखाली ती आवडत असल्याचे बोलते आणि तो म्हणतो की त्यालाही आवडते, आतषबाजी. इथे आवाजाने घोटाळा केलेला नाही. तो मनुष्यच असा आहे. म्हणून शेवटपर्यंत काहीही न घडताही ती मालिका चुटपुट लावत नाही. पण तिने पहिल्यापासून फक्त हसवण्याचेच वचन दिले होते, हेही खरे.

‘कागुया-सामा’चे वचन मोठे आहे आणि ते पाळायला तिला वेळ लागतो. मधल्या काळात मालिका तोलून धरतो तो निवेदक. युताका आओयामा यांचा आवाज एखाद्या महायुद्धाच्या माहितीपटाला शोभेल असा धीरगंभीर आहे आणि तो वर्णन करतो ते मोबाइल क्रमांक आधी कोणी मागायचा याचे. शाळकरी कुरघोडीला पानिपताचा दर्जा देण्याचे हे काम तो चेहरा न हलवता करतो (चेहरा दिसत नाही, पण हलत नसणार याची मला खात्री आहे). आपल्या लोकनाट्यात सूत्रधार जसा प्रेक्षकाच्या बाजूने उभा राहून पात्रांची फिरकी घेतो, तसा हा घेत नाही. हा त्या दोघांइतकाच गंभीर आहे आणि त्यामुळे आपण एकटेच हसत राहतो. एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. निवेदक बोलत असताना पडद्यावरही जपानी मजकूर उमटत असतो, आणि मी पहिले पर्व ज्या सेवेवर पाहिले तिथे दोन्हींच्या इंग्रजी ओळी एकावर एक चढून येत होत्या. सहा इंची पडद्यावर, उभ्याने, एका हाताने कडी धरून हे वाचणे अशक्य होते. दुसऱ्या पर्वापासून मी ही मालिका घरी टीव्हीवर पाहिली आणि तुम्हीही तसेच करा असे सुचवीन. आता अनेक अ‍ॅनिमे मालिका हिंदी आवाजातही मिळतात, पण या मालिकेत आवाजाचे चढउतार ही अर्धी गंमत आहे. आओई कोगा यांची कागुया एका वाक्यात महाराणीपासून बालवाडीतल्या मुलीपर्यंत उतरते आणि पुढच्या वाक्यात पुन्हा सिंहासनावर जाऊन बसते, ते मुळातूनच ऐकावे.

इंग्रजी उपशीर्षकांत आणखी एक गोष्ट हरवते, जी मराठी माणसाला मात्र न सांगता कळायला हवी. जपानी शाळेत मुले-मुली एकमेकांना आडनावाने हाक मारतात आणि आडनावावरून नावावर येणे ही मोठी घटना असते. कागुया शिरोगानेला ‘काइचो’, म्हणजे अध्यक्ष, असे म्हणते. तो तिला ‘शिनोमिया’ म्हणतो. वर्षभर रोज एका खोलीत बसणारी माणसे एकमेकांचे नाव घेत नाहीत, हे पाश्चात्त्य प्रेक्षकाला विचित्र वाटत असेल. ज्या भाषेत ‘तुम्ही’चे ‘तू’ केव्हा होते यावर अख्खे नाते ओळखता येते, आणि जिथे नवऱ्याचे नाव घ्यायचे तर उखाण्याच्या आडोशाने घ्यावे लागत असे, तिथल्या माणसाला त्यात विचित्र काही नाही. माझ्या आजीने आजोबांचे नाव चारचौघांत घेतले ते बहुधा मंगळागौर आणि लग्नाच्या पंगती मिळून पाच-सात वेळा, आणि प्रत्येक वेळी ती लाजली. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात चंद्रदर्शनाच्या रात्रीचा जो प्रसंग आहे त्याची सारी मौज या नाव घेण्यात आहे.

त्याची पार्श्वभूमी अशी. जपानमध्ये बांबूतोड्याची एक प्राचीन कथा आहे. त्याला बांबूच्या पेरात इवलीशी मुलगी सापडते, तिचे नाव कागुया. ती मोठी झाल्यावर पाच उमराव तिला मागणी घालतात आणि ती प्रत्येकाला अशक्य कामगिरी सांगून वाटेला लावते. अखेर ती चंद्रावरची असल्याने चंद्रलोकीचे लोक येऊन तिला घेऊन जातात. जाताना तिने ठेवलेले अमरत्वाचे औषध सम्राट सर्वांत उंच पर्वतावर जाळून टाकायला लावतो, कारण तीच नसेल तर अमर होऊन करायचे काय. मालिकेतल्या नायिकेचे नाव या कथेवरून आले आहे. त्या रात्री शाळेच्या गच्चीवर, आकाशाच्या वेडापायी सारे डावपेच विसरलेला शिरोगाने सहज बोलून जातो की ही कथा त्याला आवडत नाही. आपण असतो तर कागुयाला जाऊच दिले नसते, कितीही काळ लागला असता तरी चंद्रावर जाऊन परत आणले असते. तो कथेतल्या राजकन्येविषयी बोलतो आहे. शेजारी बसलेल्या मुलीने आपले नाव त्याच्या तोंडून प्रथमच असे, आडनावाशिवाय, ऐकले आहे. तिची दाणादाण उडते आणि त्याला पत्ताच नसतो. डाव टाकला की हरणारा हा मुलगा डाव विसरला की जिंकतो, हे मालिका कुठेही बोलून दाखवत नाही.

इथे थोडे थांबून मुंबईकर म्हणून एक असूया व्यक्त करायला हवी. ती परिषदेची खोली. उंच खिडक्या, मखमली पडदे, चहाची किटली, आणि दिवसचे दिवस तिथे चार-पाच माणसांखेरीज कोणी फिरकत नाही. आमच्या शहरात प्रेमात पडलेल्यांना सगळ्यात आधी जागेचा प्रश्न सोडवावा लागतो. वरळीच्या किंवा वांद्र्याच्या समुद्राकडे तोंड करून अर्ध्या बाकावर, पाठीमागून अख्खे शहर जात असताना, एका छत्रीच्या आडोशाने आपले लोक जे बोलून मोकळे होतात ते या दोघांना एवढी प्रशस्त खोली मिळूनही बोलता येत नाही. लोकलमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या एका बाईंनी, ज्यांना सुरुवातीला हे मुलांचे कार्टून वाटले होते, दोन-तीन दिवस डोकावून पाहिल्यावर घाटकोपरच्या आसपास मला विचारले, ‘ताई, हा मुलगा तिला सांगत का नाही अजून?’ उपशीर्षके त्या वाचत नव्हत्या. चेहऱ्यांवरूनच त्यांना सारे कळले होते, आणि चित्रकारांसाठी याहून मोठे प्रशस्तिपत्र मला सुचत नाही.

त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर जपानी रीतीत आहे. तिथे ‘कोकुहाकु’ म्हणजे मनातले भाव स्पष्ट शब्दांत सांगून ‘माझ्याशी नाते जोडशील का’ असे विचारणे ही नात्याची औपचारिक सुरुवात मानली जाते. आपल्याकडे दोन मुले महिनाभर एकत्र वडापाव खाताना दिसली की मित्रमंडळी त्यांचे ठरवून टाकतात. तिथे हे वाक्य उच्चारले जाईपर्यंत काहीच ठरलेले नसते. म्हणून ‘जो आधी बोलेल तो हरला’ ही मालिकेची मूळ अट तिथल्या प्रेक्षकाला अतिशयोक्त वाटली तरी निराधार वाटत नाही.

(पुढच्या तीन परिच्छेदांत पहिल्या व तिसऱ्या पर्वाचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना कोरे राहून पाहायचे आहे त्यांनी ते गाळावेत.)

पहिल्या पर्वाच्या अखेरीस उन्हाळ्याची सुट्टी येते आणि मालिका अचानक हसायची थांबते. सगळ्यांनी मिळून आतषबाजी पाहायला जायचे ठरलेले असते आणि कागुयाला घरून मनाई होते. मित्रांबरोबर आतषबाजी पाहायची आहे, एवढीच एक ओळ ती फोनवरून लिहून टाकते. ती ओळ शिरोगानेच्या नजरेस पडते. कागुया घरातून निसटते, धावतपळत पोहोचते, आणि तोवर आकाश काळे झालेले असते. एका बोळात ती रडत उभी असताना तो धापा टाकत येतो, सगळ्यांना टॅक्सीत कोंबतो आणि समुद्रापलीकडे चिबाच्या बाजूला अजून एक आतषबाजी चालू आहे तिकडे गाडी हाकायला लावतो. वाट अ‍ॅक्वा लाइनची आहे. आपल्या भुयारी मेट्रोचेही तेच नाव असल्याने मी क्षणभर गोंधळले होते, पण ही टोकियोच्या उपसागराखालून बोगद्याने आणि मग पुलावरून जाणारी, १९९७ मध्ये खुली झालेली वाट. बोगदा संपतो, आकाश उजळते, सगळे वर पाहतात. कागुया पाहत नाही. ती शेजारी बसलेल्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहते आहे, आणि छातीची धडधड इतकी वाढली आहे की तिला आतषबाजीचा आवाज ऐकूच येत नाही. इतर मालिकांत बाहेरचा आवाज मनातले बुडवतो. इथे मनातल्या आवाजाने बाहेरचे बुडाले. अकरा भाग ज्या ताठ्याला आपण हसलो, त्याच्या आत काय होते ते एका नजरेत दिसते.

आणि मग, हे महत्त्वाचे, मालिका पुन्हा हसवते. सुट्टी संपून शाळा सुरू होते आणि शिरोगानेला आपण त्या रात्री केवढ्या रुबाबात काय काय बोललो ते आठवून मेल्याहून मेल्यासारखे होते. दोघे एकमेकांना चुकवत फिरतात. भावनेचा कळस गाठल्यावर त्याच भावनेची थट्टा करण्याची ही हिंमत फार थोड्यांत असते. ‘तोरादोरा’ (२००८-०९, २५ भाग) ही मला अतिशय आवडणारी मालिका इथेच कमी पडते. तिचा पूर्वार्ध बेफाम आहे : गुंडासारखे डोळे आणि गृहिणीसारखी स्वच्छतेची हौस असलेला रयुजी, चुकून त्याच्या दप्तरात प्रेमपत्राचे पाकीट टाकणारी आणि ते परत मिळवायला मध्यरात्री लाकडी तलवार घेऊन घरात शिरणारी ताइगा, आणि पाकिटात पत्रच नव्हते हा शोध. दोघे एकमेकांना ‘दुसऱ्याशी’ जुळवून देण्यासाठी मदत करतात, म्हणजे इथेही अडथळा त्यांच्या चांगुलपणातूनच येतो. नाताळच्या भागापर्यंत ती काळजाला हात घालते. त्यानंतर मात्र हसू आटते आणि शेवट घाईत उरकल्यासारखा होतो. ‘होरिमिया’ (२०२१) उलट्या बाजूने चुकते. तिने १६ खंडांची कथा १३ भागांत कोंबली. नायक-नायिकेचे लवकर जुळते, जे मला फार आवडले, पण जुळल्यानंतर त्यांच्यात हसण्याजोगे काय उरते याचा पुरेसा विचार न करता ती इतर जोड्यांकडे धावत सुटते.

‘कागुया-सामा’च्या तिसऱ्या पर्वाचा शेवट शाळेच्या सांस्कृतिक महोत्सवात होतो. हृदयाच्या आकाराची वस्तू भेट दिली तर प्रेम चिरंतन टिकते अशी त्या महोत्सवाची दंतकथा असते, आणि शिरोगाने शेकोटीच्या उजेडात हृदयाच्या आकाराचे असंख्य फुगे आकाशात सोडतो. घड्याळाच्या मनोऱ्यावर, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात चल म्हणून विनवताना, इतके सगळे करूनही तो ‘ते’ वाक्य उच्चारत नाही. तीही उच्चारत नाही. ती सरळ त्याचे चुंबन घेते. ३७ भागांनंतर दोघांपैकी कोणी हरले का, या प्रश्नाला मालिकेने दिलेले हे उत्तर मला अतिशय चतुर वाटले, आणि लबाड मुळीच वाटले नाही, कारण ही माणसे बोलून नव्हे, करूनच दाखवणारी आहेत हे तोवर डब्यापासून टॅक्सीपर्यंत सगळीकडे दिसलेले होते.

दोष आहेत. कागुया आणि फुजिवारा यांच्या शरीरयष्टीच्या तुलनेवरचे विनोद शिळे आहेत आणि ते तिन्ही पर्वांत अधूनमधून डोके वर काढतात. घरात टीव्हीवर पाहताना दोन-चार वेळा माझा हात रिमोटकडे गेला. पहिल्या पर्वाच्या मधल्या भागांत एकदोन प्रसंग निव्वळ भरतीचे आहेत. श्रीमंती इतकी अवास्तव आहे की कागुयाच्या घरच्या दुःखाशी समरस व्हायला वेळ लागतो. पण याच जागी फुजिवारासारखे पात्र हात देते. गौळणीतली मावशी जशी कृष्ण आणि गोपींच्या मध्ये घुसून भलतेच बोलते आणि सगळा रंग पालटून टाकते, तशी ही प्रत्येक डावात घुसते. तिला डाव चालू आहे हेच ठाऊक नसल्याने तिला कोणी हरवू शकत नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी तिचे जे नाचाचे गाणे आहे ते फक्त त्याच एका भागात वाजते आणि ते पाहिल्यावर भाचीने ते पुन्हा लावायला सांगितले नाही असा आमच्या घरात एकही रविवार गेलेला नाही. खजिनदार इशिगामी सुरुवातीला केवळ रडका वाटतो. दुसऱ्या पर्वाच्या अकराव्या भागात त्याच्या भूतकाळाचा उलगडा होतो तेव्हा शिरोगानेने त्याच्यासाठी एका कागदावर लिहिलेले एक उर्मट वाक्य मला सबंध मालिकेतले सर्वांत प्रेमळ वाक्य वाटते.

पंधरा-सोळा वर्षांपुढच्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी वेगवेगळे बसून पाहावी अशी ही मालिका आहे. क्रम सोपा आहे : तीन पर्वे, मग ‘द फर्स्ट किस दॅट नेव्हर एंड्स’ हा चित्रपट. चित्रपट वगळू नये. मनोऱ्यावरच्या त्या चुंबनानंतर कागुयाच्या मनातली जुनी, थंड, कोणावरही विश्वास न ठेवणारी कागुया पुन्हा वर येते, आणि शिरोगानेचे सगळीकडे परिपूर्ण राहण्याचे सोंग त्याला आजारी पाडते. दोघांनीही तोवर एकमेकांना आपले उत्तम तेवढेच दाखवलेले असते. ती त्याच्याकडे मागते ते त्याचे दुबळेपण, आणि या खेपेला ती ते तोंड उघडून मागते.